जी. आर. ई. चें वाङ्मय

काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र, फार काय पाकशास्त्रावरील पुस्तकें, यांचींही परीक्षणें मासिकांतून येत आलेलीं आहेत. परंतु ज्या पुस्तकांचें वाचन आमच्याकडील पदवीधर तरुण सर्वांत मन लावून, हातांत पेन्सिल घेऊन आणि रात्रीची झोप मोडून करतात, त्यांच्याकडे टीकाकाराची दृष्टि वळलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. हीं पुस्तकें म्हणजे अमेरिकेंतील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठीं जाऊं इच्छिणाऱ्यांना जी 'ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झॅमिनेशन' ऊर्फ जी. आर. ई. द्यावी लागते, तिच्या तयारीचीं पुस्तकें होत. पुण्याच्या कोथरुडांत, मुंबईच्या दादर-पार्ल्यांत, नागपूरच्या धरमपेठेंत, ज्या घरांत नुकताच कोणी इंजिनिअर झालेला आहे त्या घरीं ज्ञानेश्वरी असेल वा नसेल, पण यांपैकीं एखादा जाडजूड ग्रंथ टेबलावर असण्याचा संभव बराच. या वाङ्मयाला हलकें म्हणून बाजूस सारणें बरोबर नव्हे. चांगलें इंग्रजी म्हणजे काय, युक्तिवाद म्हणजे काय, निबंध कशाला म्हणावें, याविषयींच्या आमच्या दोन पिढ्यांच्या कल्पना शेक्सपिअरनें घडविल्या नसतील तितक्या या पुस्तकांनीं घडविल्या आहेत.

आमच्या घरीं यंदा हा योग आला. कन्या संख्याशास्त्राची पदवी घेऊन पुढील तयारीस लागली. तिच्या टेबलावरील पुस्तकें चाळतां चाळतां, अठ्ठावीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवून ज्यांनीं पोट भरलें त्या आम्हांला असें वाटूं लागलें कीं, हीं पुस्तकें आपणही एकदां रीतसर वाचावीं आणि परीक्षाही घरच्या घरीं देऊन पाहावी. पुढील मजकूर त्या खटाटोपांतून निघालेला आहे.

परीक्षेचा जन्म कसा झाला हें ध्यानांत घेतल्यावांचून तिला न्याय देतां येणार नाहीं. १९३६ सालीं कार्नेगी फाउंडेशन या संस्थेनें हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या चार विद्यापीठांच्या सहकार्यानें हा उपक्रम हातीं घेतला, आणि पुढल्या वर्षीं परीक्षा प्रथम घेण्यांत आली. निरनिराळ्या कॉलेजांतून आलेल्या विद्यार्थ्यांना एका मापानें मोजावयाचें कसें, ही तेव्हांची अडचण होती. एका ठिकाणचा पहिला वर्ग दुसऱ्या ठिकाणच्या दुसऱ्या वर्गाहून हलका असूं शकतो, हें परीक्षक म्हणून ज्यानें गठ्ठे तपासले आहेत त्याला कोणी सांगावयास नको. १९४८ पासून प्रिन्स्टन येथील 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' ही संस्था परीक्षा चालवीत आहे. मध्यंतरीं परीक्षेनें अनेक वेळां रूप पालटलें. २०११ सालीं विरुद्धार्थी शब्दांचे व शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न गेले, २०० ते ८०० ही गुणांची जुनी मोजपट्टी जाऊन १३० ते १७० ही आली. सप्टेंबर २०२३ पासून सारी परीक्षा एक तास अठ्ठावन्न मिनिटांत आटोपते: अर्ध्या तासाचा एक निबंध, भाषेचे २७ प्रश्न व गणिताचे २७. गणिताविषयीं आम्ही बोलणार नाहीं. तें शाळेंतील गणिताच्या फारसें पलीकडे जात नाहीं, आणि आमच्याकडील मुलें त्याला भीत नाहींत. भीति आहे ती भाषेची. आणि भीति जेथें असते तेथेंच पुस्तकें खपतात.

या वाङ्मयाचा मूळ पुरुष म्हणजे शब्दांची यादी. 'बॅरन्स'ची साडेतीन हजार शब्दांची यादी आमच्या विद्यार्थिदशेंतही वसतिगृहांतून हातोहात फिरत असे. पानें सुटलेलीं, कोपरे दुमडलेले, आणि बहुधा मूळ पुस्तक नव्हेच, तर त्याची झेरॉक्स. त्या यादींतून निवडलेली ३३३ शब्दांची एक छोटी यादी घाईच्या माणसांसाठीं आहे. तिचा आरंभ 'अबेट, अबेरंट, अबेयन्स' असा होतो, आणि आज पन्नाशी ओलांडलेल्या कित्येक गृहस्थांना एकदां 'अबेट' म्हणतांच पुढील दोन शब्द आपोआप येतात. हें आम्ही एका लग्नाच्या पंगतींत प्रयोग करून पाहिलें आहे. आतां यादी मोबाईलमध्यें चिठ्ठ्यांच्या रूपानें असते. आमची कन्या भाजी निवडतांना त्या चिठ्ठ्या पालथ्या घालते.

पाठांतराला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. ज्यांच्या पणजोबांनीं अमरकोश घोकला त्यांनीं पाठांतराला हंसणें म्हणजे आपल्याच कुळाला हंसणें होय. परंतु अमरकोश आणि ही यादी यांत जो भेद आहे तो पाहण्याजोगा आहे. अमरसिंहानें शब्द वर्गांत बसविले. स्वर्गवर्गांत देव, वनौषधिवर्गांत झाडें, सिंहादिवर्गांत पशुपक्षी, मनुष्यवर्गांत माणसें. म्हणजे पोरानें पाठ केलें तें एक जग पाठ केलें. त्यांत झाडाशेजारीं झाड होतें आणि राजाशेजारीं राजाचा अमात्य. शिवाय प्रत्येक शब्दाचें लिंग त्या श्लोकांतच कळे. ग्रंथाचें दुसरें नांवच नामलिंगानुशासन आहे. शब्द वापरावयाचा कसा याची निदान एक खूण त्याच्या अंगावर असे. इंग्रजी यादींत शब्दाचा शेजारी ठरतो तो केवळ पहिल्या अक्षरानें. 'अ‍ॅसेटिक' म्हणजे विरक्त, त्याच्या अलीकडे 'आर्टलेस' म्हणजे निष्कपट, पलीकडे 'असिड्युअस' म्हणजे उद्योगी. या तिघांची ओळख कोठें व्हावी? अर्थ कळतो, पण तो शब्द कोणाच्या तोंडीं शोभतो, थट्टेंत चालतो कीं नाहीं, मृत्युलेखांत चालतो कीं नाहीं, हें कांहीं कळत नाहीं. मग विद्यार्थी आपली युक्ति काढतात. 'गॅरुलस' म्हणजे बडबड्या हें कन्येनें 'गारांसारखा कोसळणारा' असें लक्षांत ठेविलें आहे. युक्ति नामी आहे, आणि त्या मुलीला मराठी येतें याचा आम्हांस आनंदही झाला; परंतु तिनें तो शब्द कोण्या पुस्तकांत कोणा बोलघेवड्या म्हाताऱ्याच्या संगतींत भेटून घेतला असता तर आनंद अधिक झाला असता.

या रीतीचें फळ आम्हीं प्रत्यक्ष चाखलेलें आहे. आमच्या शिफारसपत्रावर अमेरिकेंत प्रवेश मिळालेल्या एका सज्जन विद्यार्थ्यानें आभाराचें पत्र पाठविलें. त्यांत आमच्या मार्गदर्शनाला त्यानें 'मेरिट्रिशस' असें विशेषण लाविलें होतें. 'मेरिट' शब्दाचा कोणी भारदस्त वडील भाऊ असावा असा त्याचा समज. वस्तुतः त्याचा अर्थ दिखाऊ, भपकेबाज असा आहे, आणि मुळांत तो वारांगनांना उद्देशून वापरीत. गंमत अशी कीं नात्याविषयीं विद्यार्थ्याचा तर्क चुकलेला नव्हता. दोन्ही शब्द लॅटिनमधील 'कमावणें' या अर्थाच्या एकाच धातूपासून निघाले आहेत. चुकली ती संगत. कोशांतून नातें कळतें. संगत वाचनांतून कळते. पत्र आम्ही जपून ठेविलें आहे, आणि त्यांतील विशेषण अगदींच चूक होतें असें आमच्या घरांतील मंडळींचें मत नाहीं.

आतां परीक्षेकडे वळूं; कारण येथें आमच्या मताला धक्का बसला. २७ प्रश्न आम्ही घड्याळ लावून सोडविले, आणि त्यांतील सहा चुकले. एकही शब्द आम्हांस अडला नव्हता. मग चुकलें काय? रिकाम्या जागांचा एक प्रश्न कसा असतो तें मराठींत करून दाखवितों: "टीकाकारांनीं या कादंबरीला ... म्हटलें असलें, तरी तींत एकही वाक्य असें नाहीं कीं जें गाळतां येईल." खालीं पांच शब्द दिलेले: दुर्बोध, पाल्हाळिक, अनीतिमान, अनुकरणात्मक, निराशावादी. उत्तर 'पाल्हाळिक' हेंच. 'तरी' या अव्ययानें दोन टोकें एकमेकांविरुद्ध उभीं केलीं आहेत आणि 'गाळतां येईल' या शब्दांनीं विरोध कशाशीं तें सांगितलें आहे. यांत कादंबरी कोणती याला महत्त्व नाहीं. आमचें झालें असें कीं, आम्ही त्या कादंबरीचाच विचार करूं लागलों. उताऱ्यांवरील प्रश्नांत तर फजिती पूर्ण झाली. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज लेखिकांवर एक उतारा होता. त्यांतील मत आम्हांस साफ अमान्य, आणि अमान्य कां, तें आम्ही दर वर्षीं वर्गांत सांगत आलेलों. आम्हीं जें उत्तर निवडलें तें जगाच्या दृष्टीनें खरें होतें. उताऱ्याच्या दृष्टीनें खोटें. कन्या खांद्यावरून पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्हांला काय वाटतं तें विचारलेलंच नाहीं."

हें वाक्य आम्ही दोन दिवस मनांत घोळवीत होतों. समोरचा काय म्हणतो तें आधीं नीट ऐकून घ्यावें, त्यांत आपलें ज्ञान, आपला राग, आपली वाहवा मिसळूं नये, ही शिस्त टीकेचा पाया आहे. ती आम्ही वर्गांत सांगतों. पाळतों असें दिसत नाहीं. आणि आमच्या विद्यापीठांच्या परीक्षा तर ती मागतही नाहींत. मूळ नाटक उघडूनही न पाहतां, गाईड व अपेक्षित प्रश्नसंच यांवर भिस्त ठेवून, त्या नाटकांतील स्वभावचित्रणावर चार पानें लिहून विद्यार्थी पहिल्या वर्गांत येतो हें आम्ही जाणतों, कारण ते गुण आम्हींच दिलेले असतात. जी. आर. ई. च्या उताऱ्यापुढें गाईड निरुपयोगी आहे. उतारा समोर आहे, वाचावा आणि सांगावें. म्हणून आमचें पहिलें मत असें बनलें कीं, परीक्षा तिच्या वाङ्मयापेक्षां पुष्कळ बरी आहे. शब्द सुटा करून विचारणें तिनें २०११ सालींच सोडलें. यादीचे छापखाने मात्र अजून चालूच आहेत. शब्दसंग्रह नसेल तर आजही अडतें हें खरें, पण अडण्याचें स्थान बदलून गेलें आहे, आणि तें 'तरी', 'उलट', 'इतकेंच नव्हे तर' अशा लहान शब्दांपाशीं आहे. ते यादींत कधींच नसतात.

निबंधाच्या बाबतींत मात्र परीक्षा व वाङ्मय या दोघांनाही आम्ही सोडणार नाहीं. एक विधान दिलें जातें, त्यावर अर्ध्या तासांत अनुकूल वा प्रतिकूल मत सकारण मांडावयाचें. सारे विषय संस्थेनें आधींच प्रसिद्ध करून ठेविलेले आहेत. यांत लपवाछपवी नाहीं ही चांगली गोष्ट. उदाहरणें अनुभवांतून, अवलोकनांतून वा वाचनांतून, कोठूनही घ्यावीं, असेंही ती सांगते. पण वाचणारा कोण? निबंध एक मनुष्य वाचतो आणि एक यंत्रही वाचतें. दोघांच्या निवाड्यांत अंतर पडलें तर दुसऱ्या मनुष्याकडे जातो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें लेखन शिकविलेले लेस पेरेलमन यांनीं २०१४ सालीं कांहीं विद्यार्थ्यांच्या साह्यानें 'बेबल' नांवाचें एक यंत्र रचलें. त्याला दोन-तीन शब्द द्यावे, तें व्याकरणशुद्ध, लांबलचक शब्दांनीं भरलेला आणि संपूर्ण निरर्थक निबंध क्षणांत काढून देतें. असले निबंध सरावाच्या यंत्रपरीक्षकाकडे गेले तेव्हां त्यांना उत्तम गुण मिळाले. यंत्रानें लिहिलें, यंत्रानें तपासलें आणि दोघांचेंही समाधान झालें; मध्यें अर्थ नांवाचा तिसरा कोणी लागला नाहीं. प्रत्यक्ष परीक्षेंत मनुष्य आहे म्हणून असें घडणार नाहीं, हें उत्तर ठीक आहे. परंतु तयारीच्या पुस्तकांनीं या यंत्राची आवडनिवड ओळखून घेतली आहे. पांच परिच्छेद, प्रत्येकाच्या आरंभीं एक जोडशब्द, तीन उदाहरणें, आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदांत विरुद्ध पक्षाला अर्ध्या वाक्याची भीक. नमुन्यादाखल दिलेले पूर्ण गुणांचे जे निबंध आमच्या पाहण्यांत आले, त्यांत आइन्स्टाइन, लिंकन व गांधी हे तिघे ठरलेल्या मानकऱ्यांसारखे हजर असतात, मग विषय कोणताही असो.

येथें घडलेली एक गोष्ट सांगतों. या लेखाचें खरें कारण तीच आहे. सरावाचा विषय असा होता कीं, यंत्रांवर विसंबल्यानें मनुष्याची विचारशक्ति क्षीण होईल काय. कन्येनें पहिल्या खर्ड्यांत आजीचें उदाहरण घेतलें होतें. आमच्या मातोश्री चौथीपर्यंत शिकलेल्या. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी त्यांच्या जिभेवर होत्या, आणि वाण्याचा हिशेब वाण्याच्या आधीं त्यांचा होत असे. यंत्र नव्हतें म्हणून आजीची बुद्धि तल्लख राहिली, असें कोणीही लिहिलें असतें. कन्येनें उलटें लिहिलें होतें. तिचें म्हणणें असें कीं, दिडकी हेंही एक यंत्रच; फरक इतकाच कीं तें आजीच्या तोंडांत बसविलेलें होतें. दीड पट करतांना आजी विचार मुळींच करीत नसे, आणि करीत नसे म्हणूनच वाण्यानें वजनांत काय केलें याचा विचार करावयास ती मोकळी राही. आम्ही तो कागद हातांत घेऊन उभेच राहिलों. वर्षाकांठीं शेंकडों निबंध आमच्या हाताखालून जातात. असें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें वाक्य किती वर्षांनीं वाचलें तें आठवेना.

दुसऱ्या दिवशीं शुद्ध प्रत पाहिली तर आजी गेलेली. तिच्या जागीं आइन्स्टाइन येऊन बसले होते.

कारण विचारलें. ती म्हणाली, "नमुन्याच्या निबंधांत कुणाचीच आजी नसते, बाबा."

तिला दोष देणें आम्हांस जमलें नाहीं. परीक्षेनें मना केलेलें नव्हतें. मना केलें होतें तें नमुन्यानें. आणि नमुन्याला भिण्याची संवय तिला अमेरिकेनें लाविलेली नाहीं. ती आम्हीं लाविली, दहावीच्याही आधीं.

शिकवणीच्या व्यापाराविषयीं थोडक्यांत. स्टॅन्ले कॅप्लन यांनीं १९३८ सालीं ब्रुकलिनमध्यें आईबापांच्या घराच्या तळघरांत शिकवणी सुरू केली. तिचा पुढें केवढा वृक्ष झाला तें सर्वश्रुत आहे. १९९४ सालीं त्या कंपनीनें आपलीं माणसें संगणकावरील जी. आर. ई. स बसवून प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येतात हें दाखवून दिलें, आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेनें तिच्यावर दावा लाविला. चीनमध्यें २००२ सालीं याहून मोठा घोटाळा झाला. परीक्षा देऊन आलेले विद्यार्थी आठवलेले प्रश्न प्रसिद्ध करूं लागले, तेव्हां चीन, तैवान, हाँगकाँग व दक्षिण कोरिया येथील संगणकावरील परीक्षा थांबवून पुन्हा कागदावर घ्यावी लागली. स्मरणशक्तीला बक्षीस देणारी परीक्षा स्मरणशक्तीपुढेंच हरली, असा याचा अर्थ आम्ही करतों.

मग ही परीक्षा ठेवावी कीं काढून टाकावी? अमेरिकेंत हा वाद जोरांत आहे. अनेक विभागांनीं, विशेषतः जीवशास्त्राच्या शाखांनीं, २०१८ च्या सुमारापासून ती ऐच्छिक केली किंवा सोडूनच दिली, आणि २०२० च्या साथीनें त्या प्रवाहाला वेग आला. विद्वानांचें एकमत नाहीं. कुंसेल आदींनीं २००१ सालीं पुष्कळ अभ्यास एकत्र करून असें मांडलें कीं, पुढील शिक्षणांतील यशाचा अंदाज या गुणांवरून बऱ्यापैकीं करतां येतो. उलट २०१९ सालीं पदार्थविज्ञानाच्या संशोधक विद्यार्थ्यांवरील एका निबंधानें सांगितलें कीं, कोण पीएच. डी. पुरी करील हें या गुणांवरून सांगतां येत नाहीं. आणि पुढल्याच वर्षीं त्या निबंधाच्या गणितावर कडक आक्षेप आले. आक्षेपाचें मर्म कन्येनें आम्हांस समजावून दिलें. तालमींत आधींच निवडून घेतलेल्या धिप्पाड पैलवानांत वजनाचा आणि कुस्ती जिंकण्याचा संबंध फारसा दिसावयाचा नाहीं, पण त्यावरून वजनाला महत्त्व नाहीं असें कोणी म्हणत नाहीं.

आमचें लक्ष दुसरीकडे आहे. परीक्षा काढली तर तिच्या जागीं काय येतें? शिफारसपत्रें आणि आत्मनिवेदनें. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पोंचल्या त्या अशी कोणतीही परीक्षा न देतां. प्रवेशासाठीं त्यांनीं स्वतः पत्र लिहिलें आणि तें पत्र वाचणारीं माणसें तेथें होतीं. १९१३ सालीं डॉ. आंबेडकर कोलंबियास गेले ते मुंबई विद्यापीठाची पदवी आणि सयाजीरावांची शिष्यवृत्ति घेऊन. पत्र वाचलें जात असेल तोंवर पत्राहून चांगली परीक्षा नाहीं, हें आम्ही मोकळेपणीं कबूल करतों. पण आज तीं पत्रें लिहितो कोण? आमच्या कॉलेजांतून विद्यार्थी स्वतःचें शिफारसपत्र स्वतःच लिहून आणतो आणि प्राध्यापक त्याखालीं सही करतो, हें उघड गुपित आहे. आम्हींही, सांगावयास लाज वाटते, मार्च महिन्याच्या घाईंत तसें केलेलें आहे. ज्याच्या प्राध्यापकाचें नांव तिकडे कोणी ऐकलेलें नाहीं त्या उस्मानाबादेच्या किंवा गोंदियाच्या मुलीपाशीं या पत्रांपलीकडे दाखविण्यास एक निःपक्षपाती आंकडा असावा, असें आम्हांस वाटतें. १९३६ सालीं परीक्षा निघाली ती याच गरजेपोटीं. पण त्याच मुलीला परीक्षेच्या शुल्कापोटीं वीस हजार रुपयांवर रक्कम आधीं भरावी लागते, क्लासची फी निराळी, हें विसरून कोणी तिचा कैवार घेऊं नये. परीक्षा रद्द करण्यापेक्षां हें शुल्क कमी करणें अधिक न्यायाचें होईल.

पुस्तकांविषयीं आमचा अभिप्राय मागणाऱ्या पालकांस इतकेंच सांगतों कीं, परीक्षा घेणाऱ्या संस्थेचें स्वतःचें मार्गदर्शक पुस्तक तेवढें विकत घ्यावें. तें रूक्ष आहे, पण प्रामाणिक आहे. बाकीचीं अप्पा बळवंत चौकांत जुनीं मिळतात, तींही एकच घ्यावें. आमच्याकडील प्रतींत आधींच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा 'सी' अक्षरापर्यंत आहेत, पुढील पानें कोरीं. बहुतेक प्रती अशाच असतात असें दुकानदार म्हणाला. उरलेल्या वेळांत, ज्या विषयाचें आपल्याला कांहीं कळत नाहीं अशा विषयावरील चांगलें इंग्रजी गद्य रोज दहा पानें वाचावें. कन्येला आम्ही समुद्रांतील शिंपल्यांवरचें एक पुस्तक दिलें आहे; तें तिला कंटाळवाणें वाटतें, पण ती वाचते.

तिची परीक्षा पुढील महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत आहे. आजीचा खर्डा आमच्या टेबलाच्या खणांत आहे. तिनें अजून तो मागितलेला नाहीं.